तळघरातला पंप गुरगुरतो, पण पाणी काढत नाही

बडोद्यात पावसानं मुक्काम ठोकला की समा, अकोटा, मांजलपूरच्या सोसायट्यांमधून एकच तक्रार येते: पार्किंगच्या खड्ड्यातला पंप बंद पडला. वायरमन बटण दाबतो, "वाइंडिंग गेलं", म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी जळाली, म्हणतो आणि भर पावसात पंप उचलून नेतो. जरा थांबा. अशा वेळी मोटर बऱ्याचदा धडधाकट असते. दुखणं फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप चालू करणारा तरंगता स्विच), वायरचा जॉइंट नाहीतर कपॅसिटरमध्ये (मोटर सुरू व्हायला मदत करणारा भाग) असतं. तिन्ही तपासायला अर्धा तास पुरतो.

तळघरात पाणी साचलं असेल तर आधी वरच्या मेन बोर्डावरून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडा, मगच पायऱ्या उतरा. चालू लाइनवरची मापं कोरड्या जागेत, रबरी मॅटवर उभं राहूनच घ्यायची. सवय नसेल तर ती वायरमनला घ्यायला लावा, पण काय मोजायचं ते तुम्ही सांगा.

पंप बंद असताना मल्टिमीटर २३० व्होल्ट दाखवतो, म्हणून सप्लाय ठीक आहे असं सगळे धरून चालतात. चूक इथेच होते. करंट वाहत नसेल तर कुजलेला जॉइंटसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो. माप पंप चालू असतानाच घ्या. अर्धा एचपीचा सिंगल फेज पंप साधारण ३ ते ४ अँपिअर घेतो. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ३० मीटर लांब असली तरी तिच्यात जेमतेम अडीच-तीन व्होल्ट जातात. पॅनलमध्ये, पंपाची केबल जोडली आहे तिथे, वीज मीटरपाशी दिसलेल्यापेक्षा २५ व्होल्ट कमी दिसले, तर दोष वायरच्या लांबीचा नाही. ३.५ अँपिअरला २५ व्होल्ट म्हणजे एखाद्या सैल जॉइंटमध्ये जवळपास ८८ वॉट जळताहेत. सप्लाय तोडून पाहिलं तर तो जॉइंट गरम लागेल, इन्सुलेशन तपकिरी पडलेलं असेल. वीज मीटरपाशीच १८० व्होल्ट दिसत असतील तर मात्र पंपाला हात लावू नका, वीज कंपनीकडे तक्रार करा.

आता फ्लोट. मोटर सुरू होताना चालू करंटच्या चार-सहा पट करंट ओढते. फ्लोटच्या कॉन्टॅक्टवर काजळी धरून तिथे ५ ओहम रोध आला, तर १५ अँपिअरच्या त्या झटक्याला ७५ व्होल्ट तिथेच खर्च होतात. मोटर नुसती गुरगुरते, तापते, आतला थर्मल प्रोटेक्टर (तापलं की उघडणारा स्विच) करंट तोडतो. थंड झाली की पुन्हा तेच. "मध्येच चालतो, मध्येच नाही" या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. सप्लाय तोडा, फ्लोटच्या वायरी मोकळ्या करा, फ्लोट वर धरून ओहम मोजा: मीटरच्या लीडचा रोध वजा करून एका ओहमच्या आत यायला हवेत. फ्लोट कानाशी हलवा. आतली गोळी खडखडली तर ठीक. पाणी डुचमळलं तर तो टाकून द्या. फ्लोटवर १०(४) असा आकडा असेल तर कंसातले ४ अँपिअर मोटरसाठीचे, बाहेरचे १० नव्हेत. एक एचपीच्या पंपाला म्हणून मध्ये कॉन्टॅक्टर (मोटरचा जड करंट पेलणारा वेगळा स्विच) घाला. फ्लोट फेजमध्येच हवा. न्यूट्रलमध्ये घातला तर पंप थांबला तरी आत फेज जिवंत राहतो.

तुटलेल्या वायरवरही डिजिटल मीटर कधी ८०-९० व्होल्ट दाखवतो. ते भूत आहे, खरा सप्लाय नव्हे. तिथे १०० वॉटचा साधा बल्ब लावा, लगेच खरं-खोटं कळतं.

कपॅसिटर आधी बल्बानंच डिस्चार्ज करा, मग मायक्रोफॅरड मोजा. छापील आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घसरला असेल तर बदला. महागडी वस्तू नाही. वाइंडिंगची पाळी त्यानंतर: मोटरच्या कॉमन, रन आणि स्टार्ट या तीन टोकांपैकी रन आणि स्टार्टमधले ओहम हे कॉमन-रन आणि कॉमन-स्टार्ट यांच्या बेरजेइतके यायला हवेत. बेरीज जुळत नसेल तर रिवाइंडिंगवाल्याकडे जा.

आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) पडत असेल तर बायपास करायचा विचारही नको. पंपाची केबल पॅनलमधून सोडवा आणि ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरनं) वाइंडिंग ते अर्थ मोजा. एक मेगाओहमच्या खाली आलं तर ओल शिरली आहे. साधा मल्टिमीटर इथे फसवतो, त्याच्या इवल्याशा व्होल्टेजला ती ओल दिसतच नाही. पाण्यात बुडणारा जॉइंट असला तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. तो कापून केबल अखंड वर आणा, जोडणीची पेटी कमीत कमी दीड मीटर उंचावर बसवा, ग्लँड (केबल घट्ट धरून आत घेणारं बूच) खालच्या बाजूनं द्या.

सगळी मापं बरोबर, पंप फिरतोय आणि तरी पाणी उतरत नाही? टाँग टेस्टर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा मीटर) लावा. करंट नेहमीपेक्षा कमी असेल तर हवा अडकली आहे किंवा पाइप तुंबला आहे. भरमसाट असेल तर इम्पेलरमध्ये (पंपातल्या फिरत्या पात्यांमध्ये) चिंधी अडकली आहे. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) नसेल तर पाइपातलं पाणी परत खड्ड्यात येतं आणि पंप सारखा चालू-बंद होत राहतो. ऑगस्ट २०२४ सारखी विश्वामित्री नदी चढली, की रस्त्यावरची गटारंच भरलेली असतात. मग तुम्ही बाहेर टाकलेलं पाणी रॅम्पवरून परत आत येतं, आणि त्याला कुठलाही मीटर उपयोगाचा नाही.