घर उचला, जमीन नको

सांगलीत जुलै उजाडला की चहाच्या गाड्यावर एकच विचारणा असते, "आयर्विनला किती झालं?" म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. आपल्या गल्लीत पाणी किती फुटांना शिरतं हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरवाले तर चाळिशीची वाटही बघत नाहीत, आधीच सामान हलवतात. नदीचा इतका चोख हिशेब ठेवणारे आम्ही घर बांधायला काढलं की मात्र उंची रस्त्यापासून मोजतो. मी इथे स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि माझी सगळ्यात जास्त वादावादी याच एका गोष्टीवरून होते.

मध्यंतरी एका साइटवर गेलो होतो. मालक निवृत्त, आयुष्याची पुंजी घातलेली. "साहेब, रस्त्यापासून चार फूट जोतं घेतलंय की. अजून किती वर जायचं?" मी ऑटो लेव्हल, म्हणजे उंची मोजायचं दुर्बिणीचं मशीन, लावलं, जवळच्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची आधीच ठाऊक असलेल्या खुणेवरून, लेव्हल आणली आणि लाल पूररेषेची खूण भिंतीवर खडूने मारली. काका जोत्यावर उभे होते, आणि रेघ त्यांच्या खांद्याला लागली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मिस्त्रीला म्हणाले, "काम थांबव."

नियम तसा साधा आहे. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीप्रमाणे नदीकाठ ते निळी रेषा यांमध्ये नवं घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट, वर हवं. रस्त्याचा यात कुठेही उल्लेख नाही. रस्ता तर दर डांबरीकरणाला वर येतो.

या २५ आणि १०० वर्षांच्या आकड्यांनीही फसगत होते. "२०१९ ला महापूर येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही," असं म्हणणारे मी कितीतरी ऐकले. दोनच वर्षांनी, २०२१ ला, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने २०१९ ची पातळीही ओलांडली. २५ वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी चार टक्के शक्यता. ३० वर्षं घरकर्ज फेडणाऱ्याला तो एकदा तरी गाठण्याची शक्यता ७० टक्के. लाल रेषेचा पूरसुद्धा तेवढ्या काळात चारात एकाला गाठतो.

मग उंची गाठायला लोक मुरूम टाकतात. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा. पाच गुंठ्यांचा प्लॉट पाच फूट भरला, तर साडेसात लाख लिटरहून जास्त पाण्याची जागा आपण बुजवली. ते पाणी शेजारी जातं. ज्याचं घर जुनं, ज्याची ऐपत नाही, त्याचं अंगण खड्डा होऊन बसतं. ओढ्याच्या कडेला भराव पडला की पाणी उतरायलाही वेळ लागतो. आणि ज्याने भरलं त्याचंही भलं होत नाही, कारण खाली काळी माती, वर नीट न दाबलेला भराव, दोन पावसाळ्यांत फरशी खचते.

म्हणून माझं म्हणणं, कॉलम वर न्या, खाली पार्किंग सोडा, जमीन आहे तशी राहू द्या. पण ते पार्किंग नंतर विटांनी बंद करू नका. भिंतीच्या एका बाजूला दोन मीटर पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरडं असेल, तर दर मीटर लांबीला सुमारे दोन टन रेटा बसतो. चार इंची भिंतीचा तिथे टिकाव लागत नाही. हेच पाणी दोन्ही बाजूंना सारखं चढलं की रेटा एकमेकांत जिरतो. तळमजल्याला भिंत बांधायचीच असेल तर जमिनीलगत मोकळ्या खिडक्या ठेवा, पाणी आत येऊ द्या.

हे सांगलीच्या पाण्याबद्दल, जे दिवसेंदिवस साचून राहतं आणि गिलावा, प्लायवूड, वायरिंग सगळं भिजवून काढतं. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी आली ती जोरदार धारेनेच. तिथे पायाखालची माती उकरली जाण्याची भीती मोठी, पाया खोल हवा. एकच नकाशा दोन्हीकडे चालणार नाही.

मीटर बोर्ड लाल रेषेच्या वर घ्या. जमिनीतली पाण्याची टाकी पुराच्या बातमीने उपसून रिकामी करू नका, भरून ठेवा. रिकामी टाकी भोवतालच्या पाण्याने वर उचलली जाते.

आणि जोते तपासणीच्या वेळी टेपऐवजी लेव्हल मशीन यायलाच हवं, हा माझा आग्रह आहे. मंजूर नकाशावर लाल रेषेची पातळी आणि जोत्याची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये शेजारी शेजारी लिहिलेली असावी. फ्लॅट किंवा प्लॉट घेत असाल तर इसार देण्याआधी बिल्डरकडे हे दोन आकडे लेखी मागा. "रस्त्यापासून इतकं" असं उत्तर मिळालं, तर पैसे खिशातच ठेवा आणि एखाद्या सर्व्हेअरला बोलवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.