भिजलं तरी गारठू नये: शेफील्ड ते लेडीबाउअर, जानेवारीच्या पावसात

सकाळचे आठ वाजले तरी नीट उजाडलं नव्हतं. पाऊस खिडकीवर तिरपा वाजत होता, फोन ५ अंश दाखवत होता आणि हॉलमधल्या रेडिएटरवर माझे हातमोज्यांचे दोन जोड गरम होत पडले होते. एक घालायला, एक पिशवीतून न्यायला. शेजारच्या आजोबांबरोबर सायकलने लेडीबाउअर धरणापर्यंत जायचं होतं. त्यांनी ठरल्या वेळी दार वाजवलं. वय सत्तरीच्या पुढचं, सगळी नोकरी इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या शेफील्डच्या, पोलादाच्या कारखान्यात झालेली, सायकल मात्र चौदाव्या वर्षापासून. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग हातांकडे, मागच्या चाकाच्या मडगार्डला बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, "चल."

मागच्या नोव्हेंबरात याच रस्त्यावर मी एकटीच गेले होते. तेव्हा असं तपासून बघणारं कुणी नव्हतं.

मी साताऱ्याची. पाऊस मला नवा नाही. यवतेश्वरचा घाट चढून भर जुलैत कासपर्यंत कितीतरी वेळा सायकल मारली आहे. तिथे निथळत जायचं, वर पोचलं की टपरीवर चहा आणि भजी, आणि निथळतच परत यायचं. पण तो पाऊस वीस-बावीस अंशांचा असतो. अंग भिजतं, जरा शिरशिरी येते, पेडल मारायला लागलं की जाते. पाऊस म्हणजे हेच, अशी समजूत घेऊन मी इंग्लंडात आले. म्हणून नोव्हेंबरातल्या त्या दिवशी सुती टी-शर्ट, त्यावर सुती हुडी आणि वर 'संपूर्ण वॉटरप्रूफ' अशी चिठ्ठी असलेला रेनकोट चढवून निघाले. पाणी आत येणार नाही, म्हणजे झालं, असा हिशोब होता.

पाणी बाहेरून आलंही नाही. ते आतून आलं. शेफील्डहून रिंगिंगलोकडे जाणारा रस्ता घर सोडल्यापासून चढतच जातो. हवा न खेळणाऱ्या त्या रेनकोटात अर्ध्या तासात मी घामाने चिंब झाले. सुती कापडाने तो सगळा घाम पिऊन धरून ठेवला. वर बर्बेजच्या पुलापाशी माळावरचा वारा लागला आणि पुढे हॅदरसेजचा उतार सुरू झाला. ५ अंशांच्या हवेत ताशी ३० किलोमीटरचा वारा अंगावर आला की ते शून्यासारखं जाणवतं. उतारावर ५० चा वेग पकडला की शून्याच्याही खाली. त्यात ओल्या सुती कापडाची घडी पोटाला चिकटलेली. अर्ध्या उतारावर अशी वेळ आली की बोटं ब्रेकवर आहेत की नाहीत हे डोळ्यांनी बघावं लागत होतं, स्पर्श कळतच नव्हता. मी खूप घाबरले. उतरून सायकल हाताने धरून चालत खाली आले, हॅदरसेज स्टेशनवर जाऊन बसले आणि गाडीने घरी परतले. स्टेशनवर हेल्मेटचं बकल मला उघडता येईना. ते एका अनोळखी बाईंनी काढून दिलं.

फाटकाशी आजोबा भेटले. माझे ओठ बघून त्यांना न सांगता सगळं कळलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाट उघडून मला आपल्या जुन्या लोकरी जर्सी दाखवल्या आणि एकच वाक्य बोलले: "तू कोरडी राहायला बघत होतीस. इथल्या हिवाळ्यात चार तास बाहेर राहून कोरडं कुणीच येत नाही. तू ऊबदार राहायला बघ."

ते ऐकलं आणि मला आमच्या आजीच्या घरातली घोंगडी आठवली. म्हसवडच्या बाजूची, काळी, अंगाला टोचणारी, चिंचोक्याच्या खळीने सूत ताठ केलेली. पावसात रानात जाताना माझे आजोबा तिची खोळ करून डोक्यावरून घेत. ती भिजायची, भिजून जड व्हायची, पण आत माणूस उबेत असायचा. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेतो तरी हाताला ओला लागत नाही, आणि तो ओलावा शोषताना थोडी उष्णताही बाहेर टाकतो. माण तालुक्यातल्या मेंढपाळाला हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. मी ते घरात पाहिलेलं असूनही परदेशात टी-शर्ट घालून निघाले होते.

आता या जानेवारीतल्या रविवारी अंगाला लागून मरिनो लोकरीचा पातळ, लांब बाह्यांचा बेस लेअर होता. मरिनोचा धागा घोंगडीच्या लोकरीपेक्षा कितीतरी बारीक, त्यामुळे टोचत नाही. तो अंगाला घट्ट बसायला हवा. सैल राहिला तर घाम कातडीवरच राहतो आणि मधल्या पोकळीत गार हवा खेळते. त्यावर आतून मऊ लव असलेली जाड जर्सी आणि सगळ्यांत वर पावसाचं जॅकेट. हे जॅकेट मात्र निघताना मी गुंडाळून खिशात ठेवलं. भुरभुर पाऊस होता, तरीही. दारातून बाहेर पडल्यावर पहिली दहा मिनिटं हुडहुडी भरलीच पाहिजे, असं आजोबांचं म्हणणं. निघतानाच उबदार वाटत असेल तर चढावर घामाने भिजणार हे नक्की.

चढ शांतपणे गेला. जर्सीची झिप गळ्यापासून छातीपर्यंत उघडी, टोपी डोक्यावर. हेल्मेटखाली घालायची ती पातळ, पुढे छोटी झडप असलेली टोपी पावसात फार उपयोगाची. थेंब डोळ्यांत जात नाहीत आणि समोरचा रस्ता दिसतो. रिंगिंगलोचा अष्टकोनी जुना टोलनाका मागे पडला, घरं संपली आणि दोन्ही बाजूंना विटकरी-तपकिरी माळ सुरू झाला. हा माळ ज्यात येतो ते पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५१ सालचं. इथल्या भरड दगडाची दळायची जाती घडवत असत. मागणी संपल्यावर तयार जाती तशीच कड्यांखाली पडून राहिली. गवतात आडवी पडलेली, शेवाळ चढलेली ती भलीमोठी चाकं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ तिथून हललेच नाही. आमच्याकडे पाथरवटाने घडवलेलं जातं दारात आलं की त्याची पूजा होते.

बर्बेजच्या पुलावर थांबलो. उतार सुरू होण्याआधी, अंग अजून गरम असताना, जॅकेट चढवायचं. झिप गळ्यापर्यंत, गळ्यातली पट्टी हनुवटीच्या वर. गारठल्यावर घातलेलं जॅकेट गारठाच आत धरून ठेवतं. हातमोजेही इथेच बदलले. चढावरचे पातळ लोकरी मोजे पिशवीत गेले, रेडिएटरवर तापवलेले जाड बाहेर आले. मला विचाराल तर हिवाळ्यातल्या सायकलीचा सगळा खेळ हातांवर आहे. धड थोडं गारठलं तर माणूस कुरकुरतो. हात गारठले तर ब्रेक लागत नाही, गिअर पडत नाही, खिशातला लाडू काढता येत नाही. मोज्याचं मनगट लांब हवं आणि जॅकेटची बाही त्याच्या वरून यावी, म्हणजे बाहीवरून ओघळणारं पाणी मोज्यात शिरत नाही. बोटं आत मोकळी हलायला हवीत. घट्ट मोजा कितीही जाड असला तरी रक्तच पुढे जात नाही.

हिगर टॉरच्या खडकांना वळसा घालून रस्ता खाली कोसळतो. डांबर काळंभोर, कडेला मीठ आणि खडीचा पट्टा. इथे हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते खारं पाणी चाकं उडवत राहतात. वरून पडणाऱ्या पावसापेक्षा हे खालून उडणारं पाणी जास्त भिजवतं, त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर महागडं जॅकेट राहू द्या, आधी पूर्ण लांबीचे मडगार्ड घ्या असं मी सांगेन. पाठ, बूड आणि पावलं वाचतात. मागच्या मडगार्डला खाली रबरी झडप लावली की मागून येणाऱ्याचं तोंडही वाचतं. घोळक्याने फिरणारी इथली मंडळी तिच्याबद्दल फार आग्रही असतात, आणि ते बरोबरच आहे. या उतारावर या वेळी मी वेग आवरून आले. बोटांना ब्रेकच्या पट्टीची कड स्पष्ट कळत होती. ती कड जाणवली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पावलांचं प्रकरण अजून पूर्ण जमलेलं नाही. बुटांवर निओप्रीनचे, म्हणजे रबरासारख्या जाड कापडाचे, ओव्हरशूज होते, पण पाणी पायावरून ओघळत वरून आत शिरतं. म्हणून टाइट्सचा पाय ओव्हरशूजच्या आत न खोचता बाहेरून घ्यायचा, कौलावर कौल चढवतात तसा. शिवाय सायकलच्या बुटाच्या तळाला पेडलमध्ये अडकणारी क्लीट असते, तिच्यासाठी ओव्हरशूजला खाली भोक ठेवावंच लागतं आणि गारवा तिथूनही येतो. मी आतल्या तळव्याखाली घडी केलेली चांदी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, घातली होती. थोडा फरक पडला. मोजे दोन घालू नका, बूट आवळतो. एकच, लोकरीचा.

आणि बायकांसाठी एक गोष्ट, जी दुकानात सहसा कुणी आपण होऊन सांगत नाही. खांद्यावरून पट्टे येणाऱ्या बिब टाइट्स हिवाळ्यात उत्तम, कंबर उघडी पडत नाही. पण लघवीला जायचं तर जॅकेट, जर्सी सगळं उतरवावं लागतं, आणि पावसात ओली लोकर उतरवून पुन्हा चढवणं म्हणजे कमावलेली सगळी ऊब घालवणं. मागून झिपने किंवा हुकाने उघडणाऱ्या बिब मिळतात, त्याच बघा. मी आधी साधी घेतली आणि पुढच्या तीन राइड पाणी न पिता काढल्या. तसं कुणी करू नये. थंडीतही शरीराला पाणी लागतंच.

बॅमफर्डवरून लेडीबाउअर धरणावर पोचलो तेव्हा पाऊस जोरात होता. आणि म्हणूनच तिथलं दृश्य बघायला मिळालं. भिंतीजवळ पाण्यात दगडी कर्ण्यासारखी दोन गोल तोंडं आहेत, प्रत्येकाचा व्यास २४ मीटर. तलाव काठोकाठ भरला की पाणी चहूबाजूंनी त्यांच्या कडेवरून आत ओसंडतं, पायऱ्यापायऱ्यांनी खाली जातं आणि मधे काळोखी विहीर दिसते. त्या दिवशी दोन्ही वाहत होती. धरण १९४५ मध्ये राजा सहावा जॉर्ज याच्या हस्ते खुलं झालं. त्यासाठी अ‍ॅशॉप्टन आणि डर्वेंट ही दोन गावं पाण्याखाली गेली. डर्वेंटच्या चर्चचा मनोरा काही काळ पाण्यातून वर दिसत होता, तो १९४७ मध्ये सुरुंग लावून पाडला. दुष्काळात तळ उघडा पडला की गावाचे दगड वर येतात. उजनीचं पाणी उतरल्यावर पळसदेवचं देऊळ उघडं होतं, ते मी लहानपणी वडिलांबरोबर जाऊन पाहिलं आहे. आजोबांना ते सांगितलं. ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले.

पुढे रस्त्यालगतच्या एका कॅफेत शिरलो. थांबणं हीच हिवाळ्यातली सगळ्यांत धोक्याची जागा. पाय थांबले की अंगातली भट्टी विझते आणि दहा मिनिटांत ओले कपडे बर्फ होतात. मी आत जाताच ओला बेस लेअर काढून पिशवीतला कोरडा घातला. त्यावर तीच ओली जर्सी, पण कातडीला कोरडी लोकर लागली की सगळं बदलतं. चहा आला. आजोबांनी १९८८ च्या जिरो द'इटालियाची, म्हणजे इटलीतल्या मोठ्या सायकल शर्यतीची, गोष्ट सांगितली. ५ जूनला गाव्हिया घाटात, सुमारे २,६०० मीटर उंचीवर, हिमवादळ सुटलं होतं. अँडी हॅम्पस्टेनच्या संघाच्या लोकांनी आधीच दुकानातून स्कीइंगचे गरम कपडे आणून ठेवले होते. योहान व्हान डेर वेल्डे आखूड बाह्यांच्या जर्सीत सगळ्यांच्या आधी माथ्यावर पोचला, आणि उतारावर इतका गारठला की थांबून ऊब घ्यावी लागली. शेवटाला तो पाऊण तासाहून जास्त मागे पडला. हॅम्पस्टेन त्या दिवशी दुसरा आला, एकूण शर्यतीत पुढे असणाऱ्याची गुलाबी जर्सी त्याच्या अंगावर चढली आणि ती स्पर्धा त्यानेच जिंकली. "चढ पायांनी जिंकतात," आजोबा म्हणाले, "उतार कपड्यांनी."

मॉस्करचा चढ समोरून येणाऱ्या वाऱ्यात झाला, रिव्हलिनच्या खोऱ्यातला उतार धुक्यात. दिवे लावले. जानेवारीत इथे चार-सव्वाचारला सूर्य मावळतो. घोट्यावरची चकाकणारी पट्टी पेडलबरोबर वरखाली होते, ती गाडीवाल्याला पाठीवरच्या पट्टीपेक्षा लवकर 'माणूस' म्हणून कळते. आजोबांची मला पूर्ण उतारभर दिसत होती. ४५ किलोमीटर झाले होते, मी पूर्ण भिजले होते आणि फाटकाशी हेल्मेटचं बकल माझं मी उघडलं.

कपडे त्याच संध्याकाळी धुतले. रस्त्याचं मीठ रात्रभर राहू देऊ नये. जॅकेटच्या आत एक पातळ पापुद्रा असतो, पाण्याचा थेंब अडवणारा आणि घामाची वाफ सोडणारा. बॉब गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणून पाहिला, त्यातून गोर-टेक्स आलं, ते याच जातीचं. पण तो पापुद्रा चालतो बाहेरच्या कापडावरच्या, पाणी झटकणाऱ्या लेपाच्या जिवावर. लेप गेला की बाहेरचं कापड पाणी पितं, वाफ कोंडते आणि घामाने भिजून आपल्याला वाटतं की जॅकेट गळतंय. म्हणून कपडे मऊ करायचं लिक्विड यात घालायचं नाही, तांत्रिक कपड्यांचा साबण वापरायचा आणि चिठ्ठीवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये मंद तापमानावर फिरवायचं.

वाळल्यावर वाटीत पाणी घेऊन जॅकेटवर शिंपडलं. बाहीवर, पाठीवर थेंब अळवाच्या पानावर घरंगळावेत तसे घरंगळले. उजव्या खांद्यावर, जिथे रोज ऑफिसच्या पिशवीचा पट्टा घासतो, तिथे मुरले. तेवढ्या जागेला पुढच्या रविवारच्या आत नवा लेप द्यायचा आहे.