उलटा कडुनिंब

आठवीच्या विज्ञानात एक शब्द होता, सूचिछिद्र प्रतिमाग्राहक, म्हणजे पिनहोल कॅमेरा. वर्गात तो कुणालाच एका दमात म्हणता येत नसे. सरांनी पुस्तक मिटलं, चपलांचा रिकामा खोका घेतला, एका बाजूला टाचणीनं भोक पाडलं आणि समोरची बाजू कापून तिथे खोबरेल चोळलेला वहीचा कागद चिकटवला. डोक्यावरून घोंगडी घेऊन बघतो तर पटांगणातला कडुनिंब शेंडा खाली करून लोंबत होता! प्रकाश सरळ रेषेत जातो म्हणून प्रतिमा उलटी, हे परीक्षेत लिहिलं खरं. पटलं मात्र त्या घोंगडीखाली.

१९७९च्या रायगड सहलीत शाळेचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा माझ्या गळ्यात आला. एका रोलवर १२ फोटो, मागच्या लाल खिडकीत आकडा दिसेपर्यंत रोल फिरवायचा. जगदीश्वराच्या देवळापुढे वर्गाचा फोटो काढला आणि रोल फिरवायला विसरलो; पुढचा शेळीचा फोटोही त्यावरच उमटला. त्या फोटोत हेडसरांच्या कोटातून शेळी डोकावते. सर रागावले नाहीत, असं लिहायला मला आवडलं असतं.

पुढे नोकरी लागली आणि पुण्याच्या जुन्या बाजारात रविवार जाऊ लागले. आज कपाटात २३ कॅमेरे आहेत, त्यातले निम्मे चालतात. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी चढते म्हणून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. त्या ओलीनं गुलाबी झाल्या की तव्यावर परततो (हल्ली तवा वेगळा घेतलाय, घरच्या आग्रहावरून). मात्र हौसेचं मूळ खोक्यातच. रशियन झेनिटमध्ये डोळा लावला की पंचकोनी लोलकामुळे सगळं सुलटं दिसतं. याशिका मॅटमध्ये वरून डोकावायचं; आतला एक आरसा झाड उभं करतो, पण डावं-उजवं उलटंच ठेवतो. ही अर्धी सुलटी याशिका माझी सर्वांत लाडकी.

मागच्या महिन्यात तीच घेऊन शाळेत गेलो. आठवीतला एक मुलगा काचेत बघत मैत्रिणीला टिपायला निघाला. ती धावली उजवीकडे, हा कॅमेरा फिरवतोय डावीकडे.

"काका, बिघडलाय हा."

मी त्याला कडुनिंबाकडे घेऊन गेलो.