जळलेल्या सड्यावर कोळी मोजताना

मार्चमध्ये आमच्या देवगडकडच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या माळावर, वणवा लागला, म्हणजे दरवर्षी लागतो तसाच, कुणीतरी गवत पेटवतं आणि वारा सुटला की आंब्याची कलमं वाचवायला सगळ्यांची धावाधाव. चार दिवसांनी मी प्लास्टिकचे वीस कप, मीठ, भांडी घासायचं लिक्विड आणि हेडटॉर्च घेऊन वर निघालो तर वाटेत काकी म्हणाली, "मेल्या, सगळा जळला, आता कोळी खय गावतले? आमच्या माळ्यार ये, होये तितके मोज."

तिचं अर्धं बरोबर निघालं. करवंदीच्या जाळीत स्टेगोडायफसचं घरटं होतं, हे एकत्र कुटुंबवाले कोळी, एका घरट्यात कितीतरी जण राहतात, ते करपलेल्या चिंधीसारखं लोंबत होतं, हात लावला तर भुगा. गवतावर सकाळी दवात चमकणारी जाळी तर एकही नाही. पण सुटे दगड उलटवायला लागलो आणि चौथ्याच दगडाखालून एक काळपट कोळी सुळकन पळाला. गवताची आग वरच्यावर भरभर निघून जाते, दोन-तीन इंच खाली माती फारशी तापतच नाही, त्यामुळे बिळात नि भेगेत राहणारे वाचतात.

रात्री तर मजाच. टॉर्च कपाळावर लावली की काळ्या राखेत हिरवट ठिपके लुकलुकतात, ते लांडगा कोळ्यांचे डोळे. एकीच्या जवळ गेलो तर पाठीवर पिल्लांची अख्खी रास, राखेने माखलेली.

कपात मीठ-लिक्विडचं पाणी भरून ते तोंडापर्यंत जमिनीत पुरले होते, म्हणजे पळता पळता कोळी आत पडतात, त्यातले तीन गुरांनी तुडवले. बाकीचे मोजले तर जळलेल्या बाजूला जास्त कोळी! मी खूश. मग डोक्यात प्रकाश पडला की गवतच नाही म्हटल्यावर ते मोकळे सुसाट पळतात म्हणून कपात जास्त पडतात, कपात मोजली जाते ती धावपळ, संख्या नाही. म्हणून आता घड्याळ लावून दगडही उलटवतो, अर्धा तास जळलेल्या भागात, अर्धा तास शाबूत गवतात, आणि कंबरेचं पार भजं होतं.

डोकेदुखी पिल्लांची. कोळ्याची जात नक्की करायला मोठा नर किंवा मादीच लागते, त्यामुळे अर्ध्या बाटल्यांवर नुसतं "पिल्लू".

परवा जळक्या खुंटावर एक धागा हलताना दिसला, टोकाला मोहरीएवढा कोळी, बहुतेक वाऱ्यावर धागा सोडून कुठून तरी उडत आलेला. वहीत लिहिलं, पिल्लू, १.