आजीचं लोणार

"माझं माहेर मेहकरचं, इथून इतकं जवळ, पण लोणार आज पहिल्यांदा पाहून रायली मी," आजी काठावर उभी राहून म्हणाली आणि मी फोटो काढायचीच थांबले.

उल्का आदळून बेसाल्ट खडकात तयार झालेलं १.८ किलोमीटर रुंद विवर, २०२० मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं, हे सगळं मला प्रोजेक्टमुळे पाठ. आजीनं मात्र वरच्या धारेचं गोडं पाणी ओंजळीत घेतलं, मग माझा हात धरून हळूहळू खाली तळ्यापर्यंत आली, पाण्यात बोटं बुडवून चोळली न् म्हणाली, "साबणावानी लागते वं पोरी!"

नागपूरला परतताना विचारलं, तर म्हणे, तेव्हा पोरींना कोण नेत होतं?

चिखलदराही राहिलाय तिचा. दिवाळीच्या सुट्टीत माझा हट्ट आता तोच, आणि खिडकीची सीट आजीची. तुमच्या आजीला विचारलंय का कधी, काय पाहायचं राहिलं?