कांदा पॅसिफिक

शनिवारची दुपार. जेवणं झालेली, ओटा पुसलेला, आणि मी पाठ टेकते न टेकते तोच कानाशी इंजिनाची शिट्टी. सहा वर्षांचा नातू माझ्याच मोबाइलवर, माझ्याच उशीवर डोकं ठेवून कार्टून बघत पडला होता. आवाज कमी कर म्हणायला डोळा उघडला आणि पडद्यावरचं नाव वाचलं. झोप गेली ती गेलीच.

ओनियन पॅसिफिक! पोपायचं, म्हणजे डबाभर पालक खाल्ला की अचाट ताकद चढणाऱ्या त्या खलाशाचं, १९४० सालचं कार्टून, काळंपांढरं. पोपायची रेल्वे ओनियन पॅसिफिक, त्याचा वैरी ब्लूटो याची सडन पॅसिफिक, आणि दोघांची शर्यत. जो जिंकेल त्याला राज्यात रेल्वे चालवायचा परवाना. अमेरिकेत युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिक या दोन दांडग्या रेल्वे कंपन्या, त्यांची नावं जराशी मुरगाळलेली. आपल्याकडे मध्य रेल्वेला कुणी मद्य रेल्वे म्हणावं, तसं.

पण मला हसू आलं ते कांद्याचं. रेल्वेला कांद्याचं नाव द्यायचं हा त्यांच्याकडे विनोद. आपल्याकडे २०२४ च्या ऑक्टोबरात लासलगावहून सोळाशे टन कांदा भरून खरीखुरी 'कांदा एक्स्प्रेस' दिल्लीला गेली आणि कुणी हूं की चूं केलं नाही. हसणार कोण? कांद्याचा भाव काय झाला होता तेव्हा!

"आजी, कोण जिंकणार गं?"

"पोपाय."

"तू आधी बघितलंयस?"

बघितलं नव्हतं. पण हे काही बघून सांगायचं काम नव्हे. कार्टूनमध्ये दोन गाड्या शर्यतीला उभ्या राहिल्या की ज्याच्यावर आपला जीव जडतो त्याची गाडी जिंकणार, आणि जीव जडतो तो हमखास खिळखिळ्या इंजिनावर. याच्या तीनच वर्षं आधी, १९३७ मध्ये, पोर्की पिग या कार्टूनमधल्या डुकराच्या टूट्स नावाच्या म्हाताऱ्या इंजिनाने सिल्व्हर फिश नावाच्या चकचकीत गाडीला असंच हरवलं होतं. त्या काळात अमेरिकेत खरोखरच चकचकीत गाड्यांचं खूळ होतं. २६ मे १९३४ ला झेफर नावाची स्टेनलेस स्टीलची डिझेल गाडी पहाटे डेन्व्हरहून निघाली ती कुठेही न थांबता तेरा तास पाच मिनिटांत शिकागोला. हजार मैलांहून जास्त. गाडीत पाहुण्यांबरोबर एक गाढवही होतं, आणि हे मी रचून सांगत नाही. तर बाहेरच्या जगात कोळशाचं इंजिन असं हरायला लागलं होतं. त्याला जिंकवायचं काम मग चित्रं काढणाऱ्यांनी अंगावर घेतलं असावं.

मी चष्मा लावला आणि सरकून बसले.

पोपाय आयुष्यभर बघत आले, पण एक गोष्ट परवाच लक्षात आली. हा माणूस नाहीच, इंजिन आहे. तोंडात पाइप, पाइपातून धूर, आणि गाणं संपलं की त्याच पाइपाची टूट टूट शिट्टी. कोपरापासून मनगटापर्यंत फुगलेले ते हात म्हणजे चाकांना जोडणारे दांडे. पालकाचा डबा म्हणजे कोळसा. पोटात गेला की वाफ तयार. इंजिनाला इंजिन चालवायला बसवलंय म्हटल्यावर ब्लूटोने कितीही लबाड्या कराव्यात.

शर्यतीचं हे वेड नातवाला कुठून आलं असेल, असं कुणी विचारायला नको. सत्तावीस वर्षं डोंबिवलीहून व्हीटीला गेले-आले. स्लोमध्ये बसलेल्या माणसाला शेजारच्या फास्ट ट्रॅकवरून गाडी येताना दिसली की त्याच्या पोटात काय होतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे. मान वळवायची नाही. पेपरातून डोळे काढायचे नाहीत. पण एका डोळ्याने तिची खिडकी मोजायची, पुढे सरकली का मागे. आपल्या हातात काही नाही, आपण मोटरमन नाही, जिंकलो तर कुणी परवाना देणार नाही, उलट पुढच्या स्टेशनला आपण थांबणार आणि ती धडधडत निघून जाणार. तरी फास्ट सिग्नलला अडकली आणि आमची स्लो तिच्या नाकासमोरून गेली की लेडीज डब्यात अख्ख्या बाकावर जे समाधान पसरायचं! एकमेकींशी न बोलणाऱ्या बायकाही तेव्हा एकमेकींकडे बघून हसायच्या. समोरच्या गाडीतल्यांकडे मात्र दयेने बघायचं. ते मोबाइलमध्ये तोंड घालून असले तर राग यायचा. हरलोय हेच ज्याला माहीत नाही, त्याला हरवण्यात काय राम?

आमच्या वेळी सगळ्यात छळवादी जागा होती दिवा स्टेशनच्या पुढे. बरोबरीने आलेली फास्ट तिथे पारसिकच्या बोगद्यात शिरायची आणि आमची स्लो खाडीच्या बाजूने मुंब्र्याला वळसा घालायची. शर्यत ऐन रंगात आणि मध्ये डोंगर. मुंब्र्याला चढणारे-उतरणारे, त्यांची भांडणं, आणि मनात एकच, ती बाहेर पडली असेल का? कळव्याला खिडकीतून मान काढून बघायचं. ती कधीच ठाण्याला पोचलेली असायची. तरीही रोज बघायचं.

खऱ्या युनियन पॅसिफिकचीही एक शर्यत झाली होती, ती याहून वेडी. तिथे गाड्या नव्हे, रूळच धावत होते. ही कंपनी मिसुरी नदीकडून पश्चिमेला रूळ टाकत निघालेली, सेंट्रल पॅसिफिक सॅक्रॅमेंटोहून पूर्वेला. सरकारी कर्ज मिळणार मैलावर, म्हणजे जितके जास्त मैल तितका पैसा. आणि भेटायचं कुठे, हे कुणी ठरवलेलंच नव्हतं! मग व्हायचं तेच झालं. पुढे जाऊन भराव घालणाऱ्या दोन्हीकडच्या टोळ्या एकमेकींना भेटल्या आणि न थांबता एकमेकींच्या शेजारून तशाच पुढे निघून गेल्या. मैलोन् मैल दोन समांतर भराव. शेवटी वॉशिंग्टनहून कान पिळल्यावर युटामधल्या प्रॉमन्टरीला गाठ मारायची ठरली आणि १० मे १८६९ ला तिथे सोन्याचा खिळा बसवला. त्याच्या बारा दिवस आधी सेंट्रल पॅसिफिकच्या मजुरांनी एका दिवसात दहा मैल रूळ टाकून दाखवले होते. एका दिवसात दहा मैल. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन पावसाळे एक खड्डा खणून ठेवलाय, त्याच्याकडे बघत मी हे लिहिते आहे.

असो. सांगायचं होतं ते बार्शीचं.

माझं आजोळ बार्शी. सत्तरच्या दशकातल्या सुरुवातीच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या म्हणजे बार्शी लाईट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आपलं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी ही गाडी सुरू केली. दोन रुळांत अंतर फक्त अडीच फूट. पुढे ती एका अंगाला पंढरपूर करून मिरजेला आणि दुसऱ्या अंगाला लातूरला पोचली. या कॅलथ्रॉपचा घोड्यांवर भारी जीव, अरबी घोडे पाळायचा. आणि पुढे त्याने विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट बनवलं. आमच्या गाडीतून उतरायला पॅराशूट लागत नसे. चालत्या गाडीतून माणसं उतरत, पाय मोकळे करत आणि पुढच्या डब्यात चढत, असं सगळे सांगायचे. मी पाहिलं नाही, पण मामाला विचारलं तर तो म्हणेल त्यानेच ते सुरू केलं.

मामा तेव्हा तिशीच्या आतला. नोकरी लागलेली, लग्न ठरायचं होतं, आणि दांडीची काळी सायकल. तिची चेन जुनी, ताण पडला की सटकायची, पण 'पुढच्या पगाराला बघू'. एका सकाळी मला दांडीवर बसवलं, बुडाखाली आजीचा जुना पंचा चौघडी करून, आणि स्टेशनाच्या पुढे, जिथे कच्ची वाट रुळाला चिकटून जाते, तिथे जाऊन उभा राहिला. लातूरकडे जाणारी गाडी सुटली. धुराचा पहिला लोट बाभळींवरून दिसला तसा म्हणाला, "घट्ट धर."

काय सुख होतं ते! हँडलच्या मधोमध माझे दोन हात, मानेवर मामाचा श्वास, आणि डाव्या अंगाला ते इवलंसं इंजिन, एखाद्या शहाण्या म्हशीसारखं डुलत येतंय. आधी इंजिन मागे होतं. मग बरोबरीला आलं. इतकं जवळ की कोळसा टाकणाऱ्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता. खिडक्यांतून माणसं ओरडायला लागली, काही आमच्या बाजूने, काही आपल्या गाडीच्या. एका म्हाताऱ्याने पटका काढून हलवला. ड्रायव्हरने शिट्टी मारली, लांब, मग दोनदा तोकडी. आणि आम्ही पुढे गेलो. खरंच गेलो. हातभर, मग दोन हात.

तेवढ्यात खट्ट झालं आणि मामाचे पाय पोकळीत फिरायला लागले. चेन पडली.

गाडी शेजारून गेली. एकेक डबा, एकेक खिडकी, सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. मामाने सायकल उलटी केली, पॅडल उलटं फिरवत चेन दात्यांवर चढवायला लागला. घाईत बोट सापडलं. काळं तेल आणि त्यात लाल रेघ. आणि सगळा वेळ तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता, मला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, पण मला कळावं इतक्या मोठ्याने. पोपाय पुटपुटतो ना, अगदी तसं. पोपायची कार्टून काढणाऱ्या फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओत आधी चित्रं पुरी व्हायची आणि आवाज मागाहून भरायचे. मग पोपायचा आवाज देणारा जॅक मर्सर ओठ हलत नसतानाही मनाला येईल ते पुटपुटून ठेवायचा. मामाचंही तोंड हलत नव्हतं.

चेन चढली तोवर बाभळींच्या वर फक्त धूर राहिला होता.

खूप वर्षांनी पीटर कूपरची गोष्ट वाचली आणि पुस्तक मिटून बसून राहिले. १८३० साली या गृहस्थाने बाल्टिमोरजवळ टॉम थंब नावाचं एक चिमुकलं वाफेचं इंजिन रुळावर आणलं. त्याची म्हणे घोड्याशी शर्यत लागली. आधी घोडा पुढे, मग वाफ चढल्यावर इंजिन पुढे, आणि जिंकणार जिंकणार म्हणताना भट्टीला वारा घालणाऱ्या पंख्याचा पट्टा चाकावरून निसटला. वाफ पडली. कूपरने पट्टा परत चढवताना हात सोलवटून घेतले आणि तोवर घोडा निघून गेला. तिथे इंजिनाचा पट्टा पडला, इथे इंजिनाशी भिडलेल्या मामाची चेन. तेच हात, तेच रक्त.

परवा हे सगळं डोळ्यापुढे आलं आणि मोबाइल नातवाच्या हातात होता. तो म्हणाला, आता पालक खाणार. मी लँडलाइनवरून मामाला फोन लावला. मामा आता ऐंशीच्या पलीकडे. दोनदा वाजला, मग मामीने उचलला, मग बराच वेळ काठीचा आवाज.

"काय गं पोरी, या वेळेला? बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. मामा, तुला ती चेन पडलेली आठवते का रे? बार्शी लाईटबरोबर शर्यत लावली होतीस ती?"

"चेन? कुठली चेन?"

"अरे, सायकलची. आपण हरलो ते."

"हरलो?" मामाचा आवाज एकदम तिशीचा झाला. "जिंकलो होतो की आपण! ड्रायव्हरनं टोपी काढून सलाम ठोकला होता. विसरलीस होय?"

इकडे मोबाइलवर डबा उघडला होता आणि पोपायची गाडी सुसाट सुटली होती. मी काहीच बोलले नाही. बोट सापडल्याची खूण अजून असेल का, असं विचारावंसं वाटलं, पण नाही विचारलं.

"आणि काय गं," मामा थोडं थांबून म्हणाला, "दांडीवर तू होतीस की मंदा?"

"मीच होते, मामा."

"तू होतीस? मग तुला कसं ठाऊक नाही?"