पोटावर एकही दाणा नव्हता

आठवडाभर जीव टांगणीला लागला होता. लेकीला साधी सर्दी, थोडा ताप आला. तो उतरला आणि दोन्ही गालांवर, कोपरांवर, गुडघ्यांवर मुगाच्या डाळीएवढे लालसर, टणक दाणे उठले. सासूबाईंनी कांजिण्या समजून कडुलिंबाचा पालासुद्धा आणून ठेवला.

आज त्वचेच्या डॉक्टरांनी तिचा फ्रॉक वर केला. पोट, पाठ अगदी स्वच्छ! "कांजिण्या अंगभर येतात हो, ताई. हा जियानोटी-क्रोस्टी सिंड्रोम."

इटलीतल्या मिलानच्या डॉ. जियानोटींनी १९५५ मध्ये हा आजार पहिल्यांदा नोंदवला. विषाणूशी लढताना शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेवर अशी उमटते. पूर्वी यकृताला सूज आणणारा हिपॅटायटिस बी, हल्ली बरेचदा गाठी सुजवणारा एप्स्टाईन-बार विषाणू निमित्त होतो. म्हणून डॉक्टरांनी मानेतल्या, काखेतल्या गाठी चाचपल्या, डोळे पिवळे नाहीत ना पाहिलं, पोट दाबून यकृत तपासलं. इतक्या शांतपणे तपासलं, की मला तिथेच रडू आलं.

औषध फारसं नाहीच. खाजलं तर कॅलामाइन लोशन. पुरळ सहसा दोन महिन्यांत आपोआप जातं, व्रणही राहत नाहीत.

परतताना लेक रिक्षात मांडीवर झोपली. मी तिच्या गालावरचे दाणे मोजले. बावीस.